खाडा नेमका कोणाचा?

पुण्यात बाणेर-वाकड-हिंजवडीच्या पट्ट्यात हल्ली एक वाद वारंवार ऐकू येतो. नोकरदार आई-बापांना ऑफिस आठवड्यातून तीन दिवस बोलावतं, पण ते तीन दिवस कुठले हे दर आठवड्याला बदलतं. मे महिन्यात आजी-आजोबा मुक्कामाला येतात, दिवाळीत सगळेच गावी जातात, मध्येच कोणाच्या तरी परदेशातल्या टीमबरोबर रात्री साडेनऊपर्यंत मीटिंगा चालतात. त्यामुळे बाळ सांभाळायला येणाऱ्या मावशींची गरज कधी दिवसाला दहा तास, तर कधी आठवडाभर शून्य. मग पगार कसा धरायचा? एक तट म्हणतो, जेवढे तास तेवढे पैसे. न केलेल्या कामाचे पैसे कोण देतं? दुसरा तट म्हणतो, मावशी घरच्याच आहेत, त्यांच्याशी तासांचा हिशेब कसला करता. महिन्याचा आकडा ठरलेला असावा, कमी-जास्त दोघांनी सांभाळून घ्यावं. पहिला दुसऱ्याला भाबडा ठरवतो, दुसरा पहिल्याला कोरडा. दोघंही मोजतात मात्र एकच गोष्ट: मावशींनी किती वेळ काम केलं. मोजायला हवं ते हे की, आपण त्यांचा किती वेळ अडवून ठेवला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कुटुंबाचं वेळापत्रक बदलतं राहणार असेल, तर त्या बदलाची किंमत कुटुंबानेच मोजली पाहिजे. म्हणजे महिन्याला किमान अमुक तासांच्या पगाराची हमी द्यायची, मग ते तास आपण वापरोत वा न वापरोत. त्यावरच्या प्रत्येक तासाचे वेगळे पैसे द्यायचे, आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलो तर चढ्या दराने द्यायचे. ऐनवेळी 'उद्या येऊ नका' म्हटलं, तर तो दिवस भरलाच असं धरायचं.

मुलं सांभाळण्याचं काम भांडी-धुणं-फरशीच्या कामासारखं नाही, हे या वादात कोणी लक्षातच घेत नाही. धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंची पाच-सहा घरं असतात. एका घराने महिनाभर सुट्टी घेतली, तरी बाकीची घरं चालू राहतात. एका घरी अर्धा तास उशीर झाला तर दुसऱ्या घरी फोन करून भागतं. तिथे दरही वेळेवर नसतो, कामावर असतो: भांड्यांचे इतके, धुण्याचे इतके. बाळ सांभाळणाऱ्या मावशींना यातलं काहीच जमत नाही. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा त्या एकाच घरी अडकलेल्या असतात, त्यामुळे दुसरं घर धरता येत नाही. त्यांचं सगळं उत्पन्न एका कुटुंबाच्या कॅलेंडरवर लटकलेलं असतं. त्या कुटुंबाने बुधवारी रात्री 'उद्या-परवा आम्ही दोघंही घरीच आहोत' असा निरोप पाठवला, तर गुरुवार-शुक्रवारचे ते वीस तास मावशी कुठे विकणार? एका रात्रीत त्यांना दुसरं बाळ मिळत नाही. आणि सोमवारी आपल्याकडे यायचं असल्यामुळे त्यांना ते शोधताही येत नाही.

तासाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नाही, हे कबूल केलं पाहिजे. महिन्याच्या ठोक पगारात उशिराचे तास बहुतेक वेळा फुकट जातात. 'जरा ट्रॅफिकमध्ये अडकलोय' म्हणत आई-बाप पावणेआठला उगवतात आणि त्या सव्वा तासाची नोंद कुठेच होत नाही. तासाचा हिशेब असेल तर निदान तो सव्वा तास दिसतो तरी. शिवाय काही बायकांना स्वतःलाच ठोक बांधिलकी नको असते. मुलांची शाळा, संध्याकाळचं पोळ्यांचं काम, सासूचं आजारपण यांत बसेल तेवढंच काम त्यांना हवं असतं. मार्च 2025 मध्ये मुंबईत एका अ‍ॅपने पंधरा मिनिटांत घरकामाला बाई पाठवण्याची सेवा सुरू केली आणि सुरुवातीचा दर तासाला 49 रुपये असा जाहीर केला, तेव्हा त्यावर टीकेची झोड उठली. पण त्या टीकेतही बराचसा राग आकड्यावर होता. आकडा 49 ऐवजी 149 असता तर पद्धत बरोबर ठरली असती का?

मला तसं वाटत नाही. कितीही चढा दर असला, तरी तास मिळतील की नाही याची खात्री नसेल तर महिनाअखेरीचा आकडा शून्याकडेही जाऊ शकतो. मुंबईच्या गिरणगावाला हे चांगलं माहीत होतं. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दरवाज्यावर हजर राहायचे. कायमचा कोणी आला नाही तर त्या दिवसापुरतं काम, नाहीतर हात हलवत घरी. हजर राहणं सक्तीचं, काम मिळणं मात्र नशिबावर. 1953 साली औद्योगिक विवाद कायद्यात लेऑफच्या भरपाईची तरतूद आली. कामगाराला काम देता आलं नाही, तर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होईल त्याच्या निम्मी रक्कम द्यायची, असं तिथे ठरलं. पण त्या तरतुदीतूनही बदली आणि नैमित्तिक कामगारांना वगळलं होतं. 1982 च्या संपात बदली कामगारांना कायम करा ही मागणी पुढे आली, ती उगाच नाही. आज तासावर मावशी ठेवणारी माणसं नकळत तोच गिरणीचा दरवाजा आपल्या फ्लॅटच्या दाराशी आणून बसवतात. फरक इतकाच की, आता दरवाज्यावर ताटकळण्याऐवजी मावशी रात्री फोनवरच्या निरोपाची वाट बघतात.

'न केलेल्या कामाचे पैसे' हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्या पाळणाघराच्या पावत्या काढून बघाव्यात. मूल पंधरा दिवस आजारी असो की आजोळी, पाळणाघर महिन्याची पूर्ण फी घेतं आणि आपण ती विनातक्रार भरतो. का भरतो? कारण तिथे आपल्या मुलाची जागा राखून ठेवलेली असते. त्या जागेवर त्यांनी दुसरं मूल घेतलं नाही, याचे ते पैसे आहेत. मावशींनीही दुसरं घर घेतलेलं नसतं. मग संस्थेने राखून ठेवलेली जागा पैसे देण्यालायक आणि एका बाईने राखून ठेवलेला दिवस मात्र फुकट, हे कुठल्या तर्कात बसतं? पाळणाघराच्या फॉर्मवर आपण सही करतो आणि मावशींबरोबर असं काही लिहून घेतलेलं नसतं, याखेरीज मला तरी कारण सापडत नाही.

आता दुसऱ्या तटाकडे वळू. 'घरच्याच आहेत' म्हणणाऱ्यांबद्दल मला जास्त आपुलकी आहे आणि म्हणून त्यांची जास्त भीतीही वाटते. त्यांचं म्हणणं खोटं नसतं. मावशींच्या मुलीची शाळेची फी याच घरातून भरली जाते, नवऱ्याच्या ऑपरेशनला यांनीच उचल दिलेली असते, दिवाळीला एक पगार बोनस आणि साडी ठरलेली असते. मूल त्यांच्या अंगाखांद्यावर वाढतं. मूल पहिल्यांदा बसलं-उभं राहिलं तेव्हा आई-बाप मीटिंगमध्ये होते आणि मावशी समोर होत्या, असं कितीतरी घरांत घडतं. अशा नात्यात तासांची वही आणली तर काहीतरी मोडेल, ही भीती मला समजते.

पण बांधलेला मोबदला आणि न बांधलेले तास ही जोडी आपल्या इतिहासात फार कुप्रसिद्ध आहे. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. त्यांचा रोख नेमका याच जोडीवर होता. वतनदार महाराला दिवसा-रात्री कुठल्याही घटकेला सरकारी कामासाठी बोलावलं जाई, तो नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला जावं लागे, आणि मोबदला म्हणजे तुटपुंजं वेतन, जमिनीचा तुकडा आणि गावाने घातलेलं बलुतं. मोबदला ठरलेला होता, काम मात्र अमर्याद होतं. ही वतनं कायद्याने संपायला 1958 साल उजाडलं. आजच्या फ्लॅटमधल्या नोकरीची आणि जातीच्या सक्तीने लादलेल्या चाकरीची मी बरोबरी करत नाही. मावशींना उद्या काम सोडता येतं, वतनदाराला तसं सुटता येत नव्हतं. तरीही हिशेबाची रीत तीच राहिली आहे. 'महिन्याचा पगार देतोय ना' हे वाक्य रात्री नऊ वाजता ऐकू येतं, रविवारी पाहुणे आले म्हणून बोलावताना ऐकू येतं, आणि बाळ झोपल्यावर 'तेवढ्यात जरा भाजी निवडून ठेवा' म्हणतानाही ऐकू येतं. उचल घेतलेली असेल तर या वाक्याला 'नाही' म्हणणं आणखी कठीण. ज्या बाईंवर आपले 30,000 रुपये फिटायचे आहेत, त्या आपल्याशी वेळेवरून भांडतील, अशी अपेक्षा करण्यात काय अर्थ आहे?

आणि खरी मेख पुढेच आहे. हे दोन तट निरनिराळ्या घरांत राहत नाहीत. पुष्कळदा ते एकाच घरात, एकाच माणसाच्या तोंडी, निरनिराळ्या महिन्यांत असतात. तास कमी भरले की आपण तासवाले होतो, जास्त भरले की घरचे होतो. हिशेब करून बघू. आकडे फक्त समजायला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत. महिन्याचे 26 दिवस, रोज 8 तास, म्हणजे 208 तास. पगार 20,800 रुपये, म्हणजे तासाला 100. पहिल्या महिन्यात आजी-आजोबा आले, 150 तासच लागले. दुसऱ्या महिन्यात ऑफिसचं काहीतरी निघालं, 240 तास लागले. तिसऱ्या महिन्यात 200. निव्वळ तासाच्या पद्धतीने मावशींना 15,000, 24,000 आणि 20,000, म्हणजे तीन महिन्यांत 59,000 मिळतील. पहिल्या आणि तिसऱ्या महिन्यात खाडे कापले, पण दुसऱ्या महिन्यात 'ठोक पगार ठरलाय' म्हणून 20,800 वरच थांबलो, तर एकूण होतात 55,800. हीच रीत मी सर्वांत जास्त पाहिली आहे. या रीतीत कुटुंब कधीच हरत नाही.

आता हमीची पद्धत घ्या. किमान 180 तासांचे 18,000 रुपये कुठल्याही महिन्यात मिळणारच. 180 ते 208 पर्यंत तासाला 100. 208 च्या वर तासाला 150. पहिला महिना 18,000, दुसरा 25,600, तिसरा 20,000. एकूण 63,600. निव्वळ तासाच्या पद्धतीपेक्षा तीन महिन्यांत 4,600 रुपये जास्त, म्हणजे महिन्याला साधारण दीड हजार. यात मावशींना मिळतं काय? सर्वांत वाईट महिना 15,000 ऐवजी 18,000 वर थांबतो. त्यांच्या खोलीचं भाडं, बचत गटाचा हप्ता, गॅस, मुलाच्या क्लासची फी यांतलं काहीच आपल्या ऑफिसच्या वेळापत्रकाप्रमाणे कमी-जास्त होत नाही. पगार कमी आलेल्या महिन्यात ही भर उसनवारीने घालावी लागते, आणि उसनवारीचं व्याज पुढच्या चांगल्या महिन्याचा फायदा खाऊन टाकतं. म्हणून वर्षाची सरासरी तीच राहिली तरी चढ-उताराच्या पगारात बाई मागे पडते.

काम अनियमित असेल तर मजुरीही अनियमितच राहणार, असं म्हणणाऱ्यांनी मुंबई बंदराकडे बघावं. जहाज कधी येईल, कधी लागेल, पावसाने माल उतरवणं कधी थांबेल, यापेक्षा अनिश्चित धंदा कुठला? मुकादमाने बोलावलं तर काम, नाहीतर उपास, अशी गोदीची जुनी रीत होती. 1948 साली गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला. त्याखाली मुंबईसाठी जी योजना आली, तिच्यात नोंदलेल्या कामगाराला महिन्यात ठरावीक दिवसांच्या मजुरीची हमी होती. हजर राहूनही काम लागलं नाही, तर हजेरीचे पैसे होते. काम नेमून दिलं आणि ते सुरूच होऊ शकलं नाही, तर त्याचीही वेगळी भरपाई होती. जहाजांचं येणं काही त्यामुळे नियमित झालं नाही. अनिश्चिततेचा भार मात्र धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून उतरून धंद्याच्या खर्चात गेला. जागतिक व्यापाराच्या लहरीला जे जमवता आलं, ते दोन माणसांच्या ऑफिसच्या लहरीला जमणार नाही?

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. कुटुंब म्हणजे बंदर नव्हे. मावशींचा पगार कुठल्या कंपनीच्या नफ्यातून जात नाही, तो एका पगारदार बाईच्या पगारातून जातो. 'बाईच्या' हे मुद्दाम म्हणते. घरखर्चाच्या मनातल्या वहीत मावशींचा पगार नेहमी आईच्या पगारातून वजा होतो, बापाच्या नाही. तो खर्च दीड-दोन हजारांनी वाढला की पहिला प्रश्न येतो, 'मग तुझ्या नोकरीचा उपयोग काय?' तेव्हा मावशींना न्याय देताना आपण एका तरुण आईला घरी बसवत नाही ना? हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. ज्या घरात खरोखरच जेमतेम भागतं तिथे 180 तासांची हमी झेपणार नाही. तिथे 120 तासांची द्यावी, किंवा शेजारच्या दोन कुटुंबांनी मिळून एक मावशी ठेवावी आणि हमी वाटून घ्यावी. हमी केवढी असावी यावर तडजोड होऊ शकते. ती असावी की नाही, यावर होऊ नये.

शिवाय ही लहर मुळात आली कुठून तेही पाहू. आईने ठरवलं म्हणून वेळापत्रक बदललेलं नसतं. कंपनीने रविवारी रात्री कळवलं की या आठवड्यात सोमवारऐवजी गुरुवारी या. हॉस्पिटलने नर्सची ड्युटी फिरवली. 2017 च्या दुरुस्तीने मातृत्वाची रजा 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. पण ते पाळणाघर कागदावर किती आहे आणि वापरात किती, हे आपापल्या ऑफिसात डोकावून ज्याने त्याने बघावं. कंपनी आपली सोय आई-बापांवर ढकलते, आई-बाप मावशींवर ढकलतात. मावशी कोणावर ढकलणार? बहुधा स्वतःच्या थोरल्या मुलीवर. मावशींना उशीर होणार असेल त्या दिवशी ती धाकट्याला सांभाळायला घरी राहते. म्हणजे हा खर्च कुठेच नाहीसा होत नाही. तो जिथे कोणाला दिसत नाही तिथे जाऊन बसतो. आईवर अन्याय होतोय हे मान्य करून त्याची भरपाई मावशींकडून वसूल करणं हा उपाय नव्हे. ऑफिसला महिनाभर आधी दिवस ठरवून मागणं हा आहे, आणि घरातली ती मनातली वही दोघांच्या पगारात वाटून लिहिणं हा आहे. हे दुसरं तर आज संध्याकाळीसुद्धा करता येईल.

'आणि त्या दांड्या मारतात त्याचं काय?' हा प्रश्नही येतोच. येऊ दे. सकाळी नऊला महत्त्वाची मीटिंग, बाळ कडेवर आणि मावशींचा फोन बंद, असा दिवस ज्याने काढलाय त्याला न्यायाची प्रवचनं ऐकवू नयेत. पण हमीची पद्धत याच तक्रारीवर सर्वांत चांगला तोडगा आहे. आठवड्याची एक सुट्टी, महिन्याच्या ठरलेल्या भरपगारी रजा, त्यावर खाडा झाला तर बिनपगारी. आदल्या रात्री आठच्या आत कळवायचं, दोघांनीही. मावशींनी न कळवता दिवस चुकवला तर त्या दिवसाचा पगार जाईल. आपण न कळवता दिवस रद्द केला तर तो भरला जाईल. आज आपण बहुतेक घरांत यातलं पहिलं कलम पाळतो आणि दुसरं पाळत नाही. नियम एकतर्फी असेल तर समोरचाही तो पाळत नाही, हे ऑफिसात आपण स्वतःच करत असतो. ज्या बाईंना महिन्याचा किमान आकडा पक्का माहीत आहे, त्यांना आपलं घर सोडून चार दिवसांचं दुसरं काम धरण्याचा मोहही कमी होतो.

बाळ झोपलेल्या वेळेचं काय, हा वाद तर मला गमतीचा वाटतो. दुपारचे दोन तास बाळ झोपतं, तेव्हा मावशी 'बसूनच' असतात, म्हणून ते तास धरू नयेत असं सांगणारे शिकलेले लोक मी ऐकले आहेत. मग त्या दोन तासांत मावशींनी कुलूप लावून बाजारात जाऊन यावं का? 2011 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार संमत केला. जो वेळ कामगार स्वतःच्या मनाप्रमाणे वापरू शकत नाही आणि बोलावणं आलं तर हजर व्हायचं म्हणून घरासाठी राखून ठेवतो, तोही कामाचा वेळ धरावा असं त्यात म्हटलं आहे, अर्थात किती प्रमाणात ते प्रत्येक देशाच्या कायद्यावर सोडून. भारताने तिथे बाजूने मत दिलं, पण कराराला मान्यता मात्र दिली नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे. महाराष्ट्राने 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणी आणि कल्याणाच्या योजना हे त्याचं क्षेत्र. पगार किती, तास किती, रद्द झालेल्या दिवसाचं काय, याबद्दल त्यातून उत्तर मिळत नाही. 29 मार्च 2020 ला केंद्राने लॉकडाऊनच्या काळात पगार कापू नका असा आदेश काढला, त्यात उद्योग, दुकानं आणि व्यापारी आस्थापना होत्या. आपली घरं नव्हती. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी वेगळा कायदा करता येईल का हे तपासायला समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले. म्हणजे तेव्हाही तपासणंच चालू होतं. याच राज्यात 1969 साली माथाडी कायदा झाला होता. एकाच हमालाचे रोज बदलणारे मालक, रोज बदलणारं काम, तरीही मंडळामार्फत मजुरी आणि वर लेव्ही (मालकाने मजुरीवर भरायची जादा रक्कम) जमा होऊन कामगाराला भविष्य निर्वाह निधी, रजा मिळू शकतात, हे तेव्हाच दाखवून झालं. 'असंघटित कामात हिशेब ठेवता येत नाही' हे वाक्य महाराष्ट्रात तरी कोणी उच्चारू नये. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणी संपावर गेल्या आणि पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, तेव्हा पगारवाढीबरोबर सुट्टीचाही प्रश्न होताच. आज बऱ्याच घरांत महिन्याच्या दोन सुट्ट्या आणि दिवाळीचा बोनस रीत म्हणून दिला जातो. ती रीत मालकांच्या औदार्यातून आपोआप उगवलेली नाही, तिच्यामागे भांडण आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर एका पानाचा कागद पुरेसा आहे. त्यात हमीचे तास, तासाचा दर, संध्याकाळी कितीनंतर चढा दर, आठवड्याची सुट्टी, रजा, आणि रात्री आठनंतर उशीर झाला तर रिक्षाचे पैसे कोणी द्यायचे, एवढं लिहावं. शेवटचं कलम क्षुल्लक समजू नये. पीएमपीची बस चुकली तर दीडशे रुपये रिक्षाला जातात आणि ओव्हरटाइमचा एक तास तिथेच संपतो. तासांची नोंद स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ठेवावी. तिथे आपण दुधाचे खाडे मांडतोच. नोंद दोघांना दिसेल अशा जागी हवी, फोनमध्ये नको. दर पंधरवड्याचं वेळापत्रक आदल्या रविवारी सांगावं. कुटुंब दोन आठवडे फिरायला गेलं तर हमी चालू राहील. नोकरी बदलल्यामुळे गरजच कायमची कमी झाली, तर महिनाभर आधी सांगून नवा आकडा ठरवावा.

एका पळवाटेबद्दल मात्र सावध राहायला हवं: 'या आठवड्यात दहा तास कमी झालेत, पुढच्या महिन्यात भरून काढू.' तास असे साठवायचे म्हटलं की ते कायम मालकाच्याच बाजूने साठतात. तुमचे वीस तास बाकी आहेत असं मावशींना ऐकवलं जातं, आणि ऐन गणपतीत ते वसूल होतात. फार तर त्याच पंधरवड्यात, आणि मावशींना जमत असेल तरच, तास इकडचे तिकडे करावेत. पंधरवडा संपला की पाटी कोरी.

शेवटचा आक्षेप बहुतेकदा खुद्द मावशींच्या तोंडून येतो: 'कागद-बिगद नको ताई, तुम्ही द्याल ते.' हे ऐकून पुष्कळ जण सुटकेचा श्वास टाकतात आणि कागद मिटवून ठेवतात. पण 'द्याल ते' म्हणणारी बाई आकड्याबद्दल उदासीन नसते. जास्त मागितलं तर काम जाईल आणि कमी मागितलं तर तोच आकडा कायमचा बसेल, या पेचात ती तसं म्हणते. अशा वेळी आकडा आपण आधी सांगावा, तोही आजूबाजूच्या घरांत विचारून घेतलेला. मग तीन महिन्यांचा हिशेब त्यांच्यासमोर मांडावा, कमी तासांच्या महिन्यात किती आणि जास्तीच्या महिन्यात किती. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवावा. आणि कागद मुलीला, भावाला, कोणाला दाखवायचा असेल त्याला दाखवून चार दिवसांनी सांगा म्हणावं.